करंड्यातील मेण आणि टाकणखार

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून जो कुंकवाचा करंडा आजही क्वचित पाहावयास मिळतो, त्याच्या एका कप्प्यात कुंकू असे व दुसऱ्यात मेण. वेणीफणी आटोपल्यावर स्त्री कपाळाच्या मध्यभागी प्रथम मेणाचा वाटोळा ठिपका लावी आणि त्यावर बोटाच्या टोकाने कुंकू दाबून बसवी. कोरडी भुकटी झडू नये, घामाने ओघळू नये, एवढेच मेणाचे काम. कुंकू जुन्या पद्धतीचे असेल तर ते हळदीवर टाकणखाराची क्रिया करून केलेले असे. म्हणजे मेण आणि टाकणखार ही दोन द्रव्ये एकाच करंड्यात, परस्परांपासून बोटभर अंतरावर, पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. याच दोहोंना तेल व पाणी यांची जोड देऊन युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधुनिक ‘कोल्ड क्रीम’ तयार झाले. आपल्याकडे ती शेजारी राहिली; त्यांचे पायस मात्र झाले नाही.

या दोन द्रव्यांचा इतिहास लिहू जाता अडचण येते ती साधनांच्या दुर्मिळतेची नव्हे, तर शब्दांच्या विपुलतेची. मेण, कुंकू, टाकणखार हे शब्द कोशांत आहेत, ओव्यांत आहेत, औषधांच्या जुन्या बाडांत आहेत, आणि ते आजही बोलले जातात. त्यामुळे द्रव्येही तीच असावीत असे आपण सहज गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, प्रसाधनाच्या बाबतीत शब्द हा द्रव्याचा भरवशाचा साक्षीदार नाही. शब्द टिकतो आणि त्याच्या आतले द्रव्य बदलते. जुन्या द्रव्याने मिळविलेला विश्वास मात्र शब्दाबरोबर नव्या द्रव्याकडे जातो. हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा असता तर त्यावर एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते; पण तो त्वचेचा आणि प्रकृतीचाही आहे.

प्रथम ‘पायस’ या संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. तेल आणि पाणी एकत्र घुसळले असता क्षणभर मिसळल्यासारखी दिसतात आणि पुन्हा वेगळी होतात. त्यांच्यात एखादे मध्यस्थ द्रव्य घातले, की ज्याच्या रेणूचे एक टोक तेलाकडे व दुसरे पाण्याकडे ओढ घेते, तर एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले राहतात. अशा मिश्रणाला मराठी परिभाषेत पायस व मध्यस्थाला पायसीकारक म्हणतात. सामान्य वाचकाला पायस म्हटले की खीर आठवते आणि परिभाषाकारांचे हसू येते. वस्तुतः ही निवड मोठी मार्मिक आहे. दूध हेच निसर्गातील सर्वपरिचित पायस होय, आणि पायस हा शब्द ‘पयस्’ म्हणजे दूध यापासून आलेला आहे. युरोपीय भाषांतील ‘इमल्शन’ हा शब्दही दूध काढणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासूनच निघाला आहे. बदामासारख्या बिया वाटून काढलेल्या दुधाळ द्रवाला प्रथम तो लावला जाई. दोन परंपरांनी एकाच पदार्थाकडे पाहून नाव दिले, हा योगायोग परिभाषेची थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हरकत नाही.

कोल्ड क्रीमचा उगम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्याकडे नेण्याची प्रथा आहे. त्याच्या कृतीत मधमाश्यांचे मेण, तेल व गुलाबपाणी एवढीच द्रव्ये होती. असे मिश्रण अंगाला लावले की त्यातील पाणी सुटून वाफ होऊ लागते व गारवा वाटतो. नावातील ‘कोल्ड’ तो हाच. पण हे पायस दुबळे असे. मेण हे एकटे चांगले पायसीकारक नव्हे, आणि काही दिवसांत पाणी वर येई. टाकणखाराने ही उणीव भरून काढली. मेणात काही मुक्त मेदाम्ले असतात. टाकणखार पाण्यात विरघळला की सौम्य अल्क देतो. त्या अल्काचा मेणातील आम्लांशी संयोग होऊन तेथल्या तेथे अल्पसा साबण तयार होतो, आणि तो साबण तेल व पाणी यांना धरून ठेवतो. तेव्हा या क्रीममध्ये खरा पायसीकारक मेणही नव्हे आणि टाकणखारही नव्हे. तो त्या दोहोंच्या संयोगाने जन्मणारा तिसराच पदार्थ आहे. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आपल्याकडे यांपैकी काय होते? आयुर्वेदात सिक्थतैल आहे. सिक्थ म्हणजे मेण. मेण तिळाच्या तेलात वितळवून गार केले की मलम होते, परंतु त्यात पाणी नसल्यामुळे त्याला पायस म्हणता येत नाही. पायसाच्या खऱ्या अर्थाने जवळ जाणारे द्रव्य म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या भांड्यात गाईचे तूप पाण्याने पुनःपुन्हा फेसून, पाणी ओतून, पुन्हा नवे पाणी घेऊन शंभर वेळा धुतले असता त्याचा रवाळपणा व वास जातो आणि पांढरे, मऊ, लोण्यासारखे द्रव्य उरते. त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडलेले असतात. भाजल्यावर, अंगाची आग होत असल्यावर ते लावीत, आणि लावताच गार वाटे. गॅलेनची क्रीम आणि आपले धुतलेले तूप यांचा गुण एक, कारण एक. मात्र आपल्या कृतीत बाहेरचा पायसीकारक नाही. त्याची जागा श्रमाने घेतली आहे. शंभर वेळा तूप धुणे हे ज्या घरात माणसांची वाण नाही तेथेच शक्य, आणि हे द्रव्य रोजच्या प्रसाधनात न शिरता औषधाच्या कोनाड्यात राहिले, त्याचे एक कारण मला हे दिसते.

चित्रांची साक्ष येथे फारशी उपयोगी पडत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील आरसा हाती घेतलेली, दासींनी वेढलेली राजस्त्री आपल्या विद्यार्थ्यांनी अनेकदा पाहिली असेल. शृंगाराचे साहित्य दासीच्या हातातील तबकात आहे. तबक दिसते; त्यातील द्रव्य कशाचे हे चित्र सांगत नाही. म्हणून पुन्हा शब्दाकडेच वळावे लागते.

‘मेण’ या शब्दाची वाट मोठी सुंदर आहे. संस्कृतात मधमाशीच्या मेणाला मधूच्छिष्ट, सिक्थ ही नावे आहेत, तसेच ‘मदन’ हेही एक नाव आहे. मदन, प्राकृत मयण, मराठी मेण अशी ही परंपरा. गुजरातीतील ‘मीण’ तिचाच बंधू. हिंदीने मात्र फारसीतून आलेला ‘मोम’ पत्करला. ज्या ठिपक्यावर सौभाग्याचे कुंकू बसवावयाचे त्या ठिपक्याचे नाव मुळात मदन, ही गोष्ट कोणा कवीच्या ध्यानात आली असेल तर मला ठाऊक नाही. बाळपणीच्या गोष्टीत चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे असते. पावसात शेण वाहून जाते, मेण टिकते. पाण्याला दाद न देणारे द्रव्य, हा मेणाचा लौकिक त्या गोष्टीत पक्का बसलेला आहे.

पण कोणते मेण? आपल्या प्रदेशात रानातून व कड्यांवरून जे मेण येई, ते मुख्यतः आग्या माशीचे. अजिंठ्याच्या कड्यावर तिची प्रचंड पोळी लोंबताना दिसतात, आणि ती उठल्यामुळे प्रवाशांची पळापळ झाल्याच्या वार्ता अधूनमधून येतात. युरोपात पाळली जाणारी माशी निराळ्या जातीची. दोन्ही मेणे रंगाने, वासाने, मऊपणाने जवळजवळ सारखी. भेद आहे तो आम्लांकात. एक ग्रॅम मेणातील मुक्त आम्ले निवविण्यास जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो त्या मेणाचा आम्लांक. युरोपीय मेणाचा तो साधारणतः १७ ते २४ भरतो. आशियाई माश्यांच्या मेणाचा, ज्याला व्यापारात ‘घेड्डा’ मेण म्हणतात, त्याचा प्रायः दहाच्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी. हिशेब करून पाहावा. आम्लांक २० असलेल्या १०० ग्रॅम मेणातील आम्ले निवविण्यास सुमारे ६.८ ग्रॅम टाकणखार लागेल. आम्लांक ७ असेल तर सुमारे २.४ ग्रॅमच पुरे. इंग्रजी पुस्तकातील कृती जशीच्या तशी उचलून आपल्या मेणास लावली तर साबण कमी होईल, पायस कच्चे राहील, आणि निम्म्याहून अधिक टाकणखार कामाविना तसाच उरून त्वचेवर जाईल. भाषांतरात ‘मेण’ या शब्दाला ‘मेण’ हा शब्द अगदी बिनचूक दिलेला असेल. चूक कोशाची नाही. ती दोन माश्यांची आहे!

आता टाकणखार. हा संस्कृत टंकणक्षार. सोन्याचांदीला डाग देताना धातू वाहता करण्यासाठी सोनार तो वापरीत आणि आजही वापरतात. हिमालयापलीकडील तिबेटच्या सरोवरांच्या काठी व लडाखात तो नैसर्गिक रीतीने मिळे, घाटांतून खाली उतरे, आणि भारतातून युरोपात जाई. इंग्रजी व्यापारात कच्च्या टाकणखाराला ‘टिंकल’ म्हणत, तो शब्दही याच टंकणाचे वाटेत झिजलेले रूप होय. रसशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे एक नाव ‘सौभाग्य’ असे आहे. हिंदीतील ‘सुहागा’ त्यातूनच आलेला, आणि आपल्याकडे कुंकू करणारे ज्याला ‘सवागी’ म्हणतात, तो शब्दही मला त्याच कुळातील दिसतो. सोन्याला जोडणारा म्हणून सौभाग्य, की कुंकवाला लाली देणारा म्हणून सौभाग्य, याचा निर्णय सहजासहजी होण्यासारखा नाही. पहिला पक्ष मला अधिक संभवनीय वाटतो.

कुंकू हा शब्द तर आधीच एकदा आपले द्रव्य सोडून आलेला आहे. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. महाराष्ट्रात केशर पिकत नाही आणि ते सामान्यांस परवडतही नव्हते. हळद मात्र मुबलक. हळकुंडांवर सवागी, तुरटी व लिंबाचा रस यांची क्रिया करून, वाळवून, दळून जी तांबडी भुकटी होते ती कुंकू. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील केम हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध असून पंढरपूर-तुळजापूरच्या यात्रेकरूंच्या पुड्यांतून त्याचे कुंकू दूरवर जाते. हळदीतील पिवळा घटक टाकणखारातील बोरॉनशी संयोग पावून लाल संयुग देतो. हीच क्रिया रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर बोरॉन ओळखण्यासाठी करतात. तेव्हा केशराचे नाव हळदीने घेतले ही पहिली पायरी. दुसरी पायरी विसाव्या शतकातली: हळदीची जागा पांढऱ्या भुकटीवर चढविलेल्या कृत्रिम रंगांनी घेतली, आणि नाव पुन्हा कुंकूच राहिले. पहिल्या बदलाने कोणाच्या कपाळाला अपाय झाल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्या बदलानंतर मात्र कुंकवाने उठणारी खाज, पुरळ व काळे डाग हा त्वचावैद्यकातील एक स्वतंत्र विषय झाला, आणि त्यात अझो वर्गातील रंगांवर वारंवार बोट ठेवले गेले.

मेणाची कथाही अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून खनिज तेलातून पॅराफिन निघू लागले आणि ते मेणबत्तीत शिरले. ‘मेणबत्ती’ या शब्दातील मेण तेव्हापासून बहुतांशी मेण नाही. मेणकापड हे मेण लावलेले कापड होते. आज त्या नावाने मिळते ते प्लॅस्टिक. काही दिवसांपूर्वी आपल्याच शहरात गुलमंडीच्या बाजूस मी मेण मागितले, तेव्हा दुकानदाराने पांढरीशुभ्र, बिनवासाची वडी काढून दिली. हे कशाचे, असे विचारता तो म्हणाला, “मेणाचंच की, सर!” त्याचे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका मित्राने ती वडी पाहून ते पॅराफिन असल्याचे सांगितले. पॅराफिन तसे त्वचेस निरुपद्रवी आहे, आणि कुंकू धरून ठेवण्याचे जुने कामही ते करील. पण त्यात मेदाम्ले नाहीत. जुन्या मासिकातली कोल्ड क्रीमची कृती वाचून कोणी गृहिणीने हे ‘मेण’ आणि टाकणखार एकत्र केला, तर साबण मुळीच होणार नाही, पायस फुटेल, आणि घातलेला सगळा टाकणखार मोकळाच राहील. अशा कृती घरोघरी होत नाहीत असे म्हणून हा प्रश्न बाजूस सारता येणार नाही. ‘घरगुती’ आणि ‘नैसर्गिक’ या दोन विशेषणांना अलीकडे जे मोल आले आहे, त्यामुळे त्या पुन्हा होऊ लागल्या आहेत.

दरम्यान तयार प्रसाधन बाजारात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातून ‘हेझलीन स्नो’ आले, आणि १९१९ च्या सुमारास मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’. या वर्गातील क्रीममध्ये मेण नसते. स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग अल्काने साबणात रूपांतरित करून उरलेले आम्ल त्या साबणाच्या आधाराने पाण्यात विखुरलेले ठेवतात. लावले की ते त्वचेवर दिसेनासे होते, तेलकटपणा उरत नाही. पायसीकारणाचे तत्त्व तेच, द्रव्ये वेगळी. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, मराठीने येथे जुना शब्द नव्या द्रव्यास न देता ‘स्नो’ हा परका शब्दच घेतला, आणि ‘फणी-करंडा’च्या धर्तीवर ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द घडविला. पुष्कळांना तो त्या काळी नटवेपणाचा वाटला. मला तो प्रामाणिक वाटतो. नवे द्रव्य नव्या नावाने आले; त्याने कोणाचा जुना विश्वास उसना घेतला नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न आता नीट मांडता येईल. मधमाशीचे मेण त्वचेस सामान्यतः निर्धोक आहे. ज्यांना पोळ्यातील राळेचे वावडे असते अशा थोड्यांना त्याने त्रास होतो. टाकणखाराचे तसे नाही. अखंड त्वचेतून तो अत्यल्प शोषला जातो, पण सोललेल्या, भाजलेल्या वा पुरळ आलेल्या त्वचेतून व तोंडाच्या आतील नाजूक आवरणातून तो अंगात भिनतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या लालसर झालेल्या अंगाला बोरिक भुकटी सर्रास लावीत. त्यातून विषबाधा व मृत्यू घडल्याचे उघड झाल्यावर १९५० नंतर ती चाल मोडली. अमेरिकेतील प्रसाधनघटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९८३ मध्ये प्रौढांच्या अखंड त्वचेसाठी ५ टक्क्यांपर्यंतचे प्रमाण निर्धोक मानले, परंतु लहान मुलांच्या व जखमी त्वचेवर ते वापरू नये असे बजावले. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने प्रजननशक्तीस व गर्भास अपाय होतो असे दिसून आल्यावरून युरोपीय संघाने या द्रव्यांचे वर्गीकरण अधिक कडक केले, आणि २०१९ मध्ये प्रसाधनांत त्यांना मनाईच केली. आपल्या घरांतून मात्र टाकणखाराची लाही मधात कालवून तोंड आलेल्या मुलाच्या जिभेला चोळण्याची रीत अजून अनेकांच्या स्मरणात आहे. कॅरमच्या फळीवर जी भुकटी पसरतात तीही बहुधा बोरिकच. मग आजीच्या कुंकवात टाकणखार होता त्याचे काय? तो हळदीशी बांधला गेलेला, प्रमाणाने थोडा, आणि मेणाच्या थरावर बसविलेला होता. मेण कुंकू धरून ठेवी तसेच ते त्वचेपासून दूरही ठेवी. जुन्या कुंकवाची निरुपद्रविता ही या सगळ्या व्यवस्थेची होती, टाकणखाराची नव्हे. त्या पुण्याईवर टाकणखार आज बाटलीतून मोकळा विकणे, हा शब्दाच्या आडोशाने केलेला व्यवहार आहे असे माझे मत आहे.

त्या व्यवस्थेतून मेण निघून गेल्यावर काय झाले, हेही पाहावे. चिकटणारी टिकली आली आणि करंड्याचे कामच संपले. टिकलीच्या मागील गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे द्रव्य असे. ते त्वचेतील रंगद्रव्य करणाऱ्या पेशींना मारक ठरते, आणि वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही स्त्रियांच्या कपाळावर तेवढ्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. भारतीय त्वचावैद्यांनी हे वारंवार नोंदविले आहे. कपाळ आणि खूण यांच्यामधील मध्यस्थ बदलला. खुणेकडे सर्वांचे लक्ष होते, मध्यस्थाकडे कोणाचेच नव्हते.

आजच्या क्रीमच्या वेष्टनावर घटकांची नावे छापलेली असतात, आणि मेणाची व टाकणखाराची जागा सेटिअरिल अल्कोहोल, पॉलिसॉर्बेट, पीईजी अशा नावांनी घेतलेली आहे. यांतील बहुतेक पायसीकारक अनेक वर्षांच्या कसोटीला उतरलेले आहेत. काहींच्या निर्मितीत उरणाऱ्या अशुद्ध अंशांवर, उदाहरणार्थ डायऑक्सेनवर, लक्ष ठेवावे लागते. त्यांविषयी येथे अधिक लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण ही नावे प्रायः इंग्रजीत व अतिबारीक अक्षरांत असतात, आणि ज्या स्त्रीला ‘मेण’ म्हटल्यावर निदान काहीतरी कळत असे, तिला आता काहीच कळत नाही.

आपल्या विभागात बोलींतील गृहोपयोगी शब्दांचे संकलन जेथे जेथे चालते, तेथे ‘मेण’, ‘कुंकू’, ‘सवागी’ या शब्दांच्या चिठ्ठ्यांवर उच्चार, लिंग, गाव आणि सांगणाऱ्याचे वय यांच्या नोंदी नियमाने असतात. ते द्रव्य कशाचे होते, कोठून येई, आणि घरात कोणत्या सालापर्यंत वापरात होते, यांसाठी चिठ्ठीवर रकाना नसतो. जुना करंडा वापरलेल्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या उन्हाळी सुट्टीत गावोगाव जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो रकाना आखून घ्यावा, आणि करंडा दाखविलाच कोणी, तर आतल्या मेणाचा नखभर तुकडा मागून घ्यावा.